जुनं टेबल घेताय? आधी खाली वाका
वरच्या पॉलिशवर भाळू नका. टॉर्च घेऊन सरळ टेबलाखाली शिरा. विकणारा बघत राहील, राहू दे. फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकाआधी बाजारात नव्हतेच, त्यामुळे ते दिसले तर टेबल तरी नंतरचं, नाहीतर दुरुस्ती तरी झालेली. गोल टेबल असेल तर टेपने दोन्ही दिशांनी मापा. लाकूड शिरांना आडवं जास्त आकसतं, म्हणून भरीव लाकडाचं जुनं गोल टेबल बहुतेकदा किंचित लंबगोल भरतं. बारीक भोकांखाली ताजा भुसा सांडलेला दिसला की कीड जिवंत असण्याची शक्यता धरा. मी तरी असं टेबल घरात आणणार नाही. डगमगतं? चालेल, सांधे पुन्हा चिकटवता येतात. बसायला माणशी टेबलाची 60 सेंटिमीटर कड धरा, आणि खुर्ची ओढून बसून बघाच. मांड्या फळीखालच्या पट्टीला घासत असतील तर कितीही देखणं असो, सोडा.