हिमवृष्टी कधीही न पाहता हिवाळ्यातील दृश्याचे जर्मनमध्ये वर्णन कसे करावे?

जर्मनच्या तोंडी परीक्षेत हिवाळ्याचे चित्र समोर आल्यास कोणती वाक्ये पाठ असावीत, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात जर्मन शिकलो आणि नंतर काही हिवाळे फ्रायबुर्गमध्ये काढले. त्या अनुभवावरून सांगतो की, पाठांतराआधी मराठीतल्या ‘बर्फ’ या शब्दाची मनात फाळणी करावी. आकाशातून भुरभुरत येतो तो ‘डेर श्ने’ आणि पाणी गोठून कडक होते ते ‘डास आइस’. पहिल्याच हिवाळ्यात मी शेजारच्या वृद्ध बाईंना ‘दारात आइस आहे’ असे सांगितले, तेव्हा कोणी घसरून पडू नये म्हणून त्या लगबगीने बारीक खडीची बादली घेऊन बाहेर आल्या. दारात होता तो नुकता पडलेला, कापसासारखा श्ने. (उन्हाळ्यात ‘आइस’ म्हणजे आइस्क्रीम, ही आणखी एक गंमत.)

बर्फ पडत असेल तर ‘एस श्नाइट’ म्हणावे. मराठीत ‘उजाडले’, ‘सांजावले’ ही वाक्ये कर्त्यावाचून पूर्ण होतात. जर्मनला मात्र तेथेही नावापुरता ‘एस’ लागतो. पडून साचलेल्या बर्फासाठी ‘लीगेन’ हे क्रियापद वापरतात: ‘आउफ डेम डाख लीग्ट श्ने’, म्हणजे छपरावर बर्फ साचला आहे. आपली बहुतेकांची चूक येथेच होते, कारण मराठीच्या सवयीने आपण स्थळानंतर लगेच कर्ता ठेवतो, तर जर्मनमध्ये स्थळ आधी आले की दुसरी जागा क्रियापदाचीच असते.

विशेषणे दोनच पुरेत: झोपडी किंवा जंगल बर्फाने झाकलेले असेल तर ‘फरश्नाइट’ आणि तळ्याचा पृष्ठभाग गोठला असेल तर ‘त्सूगेफ्रोरेन’. गवतावर पांढरा थर दिसला तर तो श्ने नव्हे, ‘राइफ’. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, तोच प्रकार.

मला सर्वांत आवडतो तो ‘क्लिरेंडे केल्टे’ हा प्रयोग. ‘क्लिरेन’ म्हणजे काचेवर काच आपटल्यासारखा आवाज होणे, त्यामुळे ही अक्षरशः किणकिणणारी थंडी झाली. आपल्या ‘कडाक्याच्या थंडी’तही आवाजच दडलेला आहे, म्हणून तो लक्षात ठेवणे सोपे जाते. त्याच्या जोडीला ‘डेर श्ने क्निर्श्ट’, म्हणजे पायाखाली बर्फ करकर वाजतो, हे वाक्य ठेवावे.

बर्फ वितळू लागला की ‘एस टाउट’ म्हणतात आणि उरलेल्या राखाडी चिखलाला ‘श्नेमाट्श’. परीक्षेच्या चित्रात तो सहसा नसतो. शहरात मात्र बुटांना लागून घरात येतो तो तोच.