पालिकेच्या नव्या कार्यालयात आधी फरशी ठरवावी, रंग नंतर

सप्रेम नमस्कार. आपल्या प्रश्नावरून परिस्थिती अशी दिसते की, नाशिकमधील नव्या विभागीय कार्यालयाची तीन मजली इमारत गिलाव्यापर्यंत आली आहे आणि अंतर्गत रंग व साहित्यासाठी समितीसमोर तीन पर्याय आहेत. पहिला पांढऱ्या-करड्या रंगाचा व भरपूर काचेचा, दुसरा लाकडी छटेच्या लॅमिनेटचा आणि तिसरा प्रत्येक खात्याला वेगळा गडद रंग देऊन भिंतींवर नाशिकची चित्रे काढण्याचा. यातील कोणता स्वीकारावा, असे आपण विचारले आहे. पालिकेच्या इमारतींची अंतर्गत कामे बरीच वर्षे जवळून पाहिल्यामुळे मी स्पष्टच सांगतो की, तिन्हींपैकी एकही पर्याय जसाच्या तसा स्वीकारू नये, कारण तिघांतही निर्णयाचा क्रम उलटा झाला आहे. भिंतीचा रंग पाच-सात वर्षांनी बदलता येतो. फरशी, जिन्याच्या पायऱ्या, भिंतीच्या खालच्या भागाचा डॅडो आणि काऊंटरचा माथा मात्र पंचवीस-तीस वर्षे तसाच राहतो. म्हणून जे बदलता येणार नाही ते आधी ठरवावे आणि त्याला शोभेल असा रंग त्यानंतर निवडावा.

पहिला विचार फरशीचा. विभागीय कार्यालयात मार्चअखेरीस घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणाऱ्यांची रांग लागते, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल्या चपला व छत्र्या आत येतात आणि एरवी बाहेरच्या रस्त्याची बारीक धूळ दिवसभर पायांबरोबर येत राहते. ही धूळ फरशीवर पॉलिश-कागदासारखी घासली जाते. चकचकीत ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइलवर नक्षी केवळ वरच्या पातळ थरात छापलेली असते, त्यामुळे रांग जिथे उभी राहते तिथे काही वर्षांतच तिची चमक जाऊन पट्टे दिसू लागतात. टाइलच घ्यायची असेल तर डबल चार्ज किंवा फुल बॉडी घ्यावी. डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाडीचा असतो, तर फुल बॉडीमध्ये तो आरपार असतो, त्यामुळे झीज लवकर डोळ्यांत भरत नाही.

माझी पसंती मात्र कोटा फरशीला आहे. राजस्थानातून येणारी ही हिरवट-करडी फरशी पायाला थंड वाटते, धूळ लपवते, आणि झिजली तर जागेवरच पुन्हा घासून पॉलिश करता येते. टाइलला ही सोय सहसा नसते. कोट्याची एक मर्यादा मात्र आधीच ध्यानात घ्यावी. हा चुनखडीचा दगड आहे आणि आम्लाशी त्याची थेट रासायनिक क्रिया होते. स्वच्छतागृह धुण्यासाठी आपल्याकडे सर्रास अ‍ॅसिड वापरले जाते. ते कोट्यावर पडले की फेस येतो, पॉलिश उडते आणि दगड पांढुरका व खडबडीत होतो. शहाबादीचेही तेच. त्यामुळे स्वच्छतागृहांत आणि त्यांच्या दारापासून काही फुटांपर्यंत घसरण न होणाऱ्या पृष्ठभागाची व्हिट्रिफाइड टाइल घालावी आणि कोटा त्यापलीकडे सुरू करावा. सफाईच्या कंत्राटातही कोट्यावर अ‍ॅसिड न वापरण्याची अट लिहून घ्यावी, कारण फरशी कितीही चांगली निवडली तरी पुढची सगळी वर्षे ती सफाई कर्मचाऱ्यांच्या हाती असते.

प्रवेशद्वार, बाहेरच्या पायऱ्या आणि उंबरठ्यासाठी आपल्याच भागातला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, वापरावा, असे मला मनापासून वाटते. पंचवटीतील काळाराम मंदिर आणि त्र्यंबकेश्वराचे मंदिर याच दगडात उभे आहे आणि पांडवलेणीही याच बेसाल्टमध्ये कोरलेली आहे. नाशिकची ओळख दाखवायची असेल तर रंगवलेल्या चित्रांपेक्षा हा दगड अधिक खरी ओळख सांगतो. तो अतिशय टणक आहे आणि सौम्य आम्लालाही चुनखडीपेक्षा कितीतरी चांगला टिकतो. फक्त त्याचा पृष्ठभाग टाचलेला किंवा खडबडीत ठेवावा, कारण पॉलिश केलेल्या काळ्या पायऱ्या पावसात घसरतात आणि म्हाताऱ्या माणसाला पायरीची कड दिसत नाही. प्रत्येक पायरीच्या काठावर फिकट दगडाची पट्टी बसवली की उतरणाऱ्याला प्रत्येक टप्पा स्वतंत्र दिसतो. आपली जागा गोदाकाठापासून फार दूर नाही, हेही विसरू नये. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 च्या पुरांत नदीकाठच्या बाजारपेठांमध्ये पाणी शिरले होते. अशा ठिकाणी तळमजल्यावर एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांची) कपाटे, लॅमिनेटचे पार्टिशन किंवा लाकडी फरशी घालणे म्हणजे पहिल्याच मोठ्या पुरात ती फेकून देण्याची तयारी करणे होय. एमडीएफला पाणी लागले की ते फुगते आणि पुन्हा सरळ होत नाही. तळमजल्यावरचे काऊंटर विटांच्या किंवा काँक्रीटच्या आधारावर ग्रॅनाइटचा माथा ठेवून बांधावेत. जिथे प्लायवुड टाळता येणारच नाही तिथे ते आयएस 710 मानकाचेच, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लायवुड, असावे आणि त्याच्या कडा बंद केलेल्या असाव्यात. दुसरा पर्याय तळमजल्यासाठी मी याच कारणाने नाकारतो. वरच्या मजल्यांवरील अधिकाऱ्यांच्या दालनांत तो मर्यादित प्रमाणात चालेल. अभिलेख कक्षात मात्र लाकूड अजिबात नको. तिथे वाळवी आणि आग दोन्हींचा धोका असतो, त्यामुळे पोलादी रॅकच हवेत.

भिंतींकडे वळण्याआधी डॅडोविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सरकारी इमारत जुनी दिसू लागते ती तिथूनच. रांगेत उभा राहिलेला माणूस भिंतीला टेकतो, हात लावतो, खुर्चीची पाठ भिंतीवर आपटते, आणि जिन्याच्या कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या पडतात. मार्गिकांमध्ये आणि जिन्यात जमिनीपासून साधारण 1200 ते 1500 मिलिमीटर उंचीपर्यंत दगडाचा किंवा मॅट टाइलचा डॅडो घ्यावा. त्याचा रंग मध्यम असावा, कारण पांढऱ्यावर सगळे दिसते आणि फार गडद असेल तर मार्गिका कोंदट वाटते. जिन्याच्या कोपऱ्यांत देवदेवतांच्या चित्रांच्या टाइल्स बसवण्याची पद्धत कृपया अवलंबू नये. त्याने थुंकणे थांबत नाही आणि श्रद्धेचाही अवमान होतो. कोपऱ्यात भरपूर उजेड ठेवणे आणि तो रोज धुता येईल अशा साहित्याचा करणे, हा अधिक चांगला उपाय आहे.

आता रंग. कोट्याची छटा हिरवट-करडी असल्यामुळे तिच्याशेजारी गुलाबीकडे झुकणारा क्रीम रंग लावला की तो अधिकच गुलाबी भासतो आणि पिवळसर क्रीम मळकट दिसतो. म्हणून डॅडोच्या वरच्या भिंतींसाठी करड्याची किंचित झाक असलेला उबदार पांढरा रंग योग्य ठरेल. छत स्वच्छ पांढरे आणि मॅट ठेवावे. प्रकाशयोजनेच्या प्रचलित शिफारशींनुसार पडणाऱ्या प्रकाशापैकी छताने 0.6 ते 0.9, भिंतींनी 0.3 ते 0.8 आणि फरशीने 0.1 ते 0.5 इतका हिस्सा परावर्तित करावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. रंग कंपन्यांकडून प्रत्येक छटेचा हा आकडा मागून घ्यावा. फिकट भिंती आणि छत असले की कमी दिव्यांत काम भागते आणि वीजबिलात त्याचा फरक पडतो.

प्रत्येक खात्याला वेगळा रंग देण्याची कल्पना चांगल्या हेतूची आहे, परंतु पूर्ण भिंती रंगवून ती साध्य होत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी उद्या दुसऱ्या मजल्यावर गेली, तर हिरवी भिंत तिथे नेता येत नाही. शिवाय लाल आणि हिरवा यांतील फरक न ओळखता येणारे लोक, विशेषतः पुरुष, समाजात बऱ्याच संख्येने असतात आणि वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळसर होऊन निळ्या-हिरव्या फिकट छटा एकमेकींत मिसळू लागतात. तेव्हा रंग फक्त खात्याच्या पाटीवर, दाराच्या चौकटीवर आणि काऊंटरच्या दर्शनी पट्टीवर वापरावा, आणि त्याबरोबर ठळक क्रमांक व मराठी नाव असावे. रंग चार-पाचांपेक्षा अधिक नकोत. येवल्याच्या पैठणीतील जांभळा, मोरपंखी, हळदी आणि राणी या छटा अशा लहान जागांवर फार सुंदर दिसतील आणि जिल्ह्याशी त्यांचे नातेही आहे. दृष्टिबाधित नागरिकांसाठीच्या स्पर्शदर्शक फरशीचा रंग आजूबाजूच्या फरशीपेक्षा स्पष्ट वेगळा असावा. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 नंतर सार्वजनिक इमारतींतील सुगम्यता हा ऐच्छिक भाग राहिलेला नाही. किमान एक काऊंटर 750 ते 800 मिलिमीटर उंचीचा आणि खाली गुडघ्यांना जागा असलेला हवा. ग्रॅनाइट कापून बसवल्यानंतर ही दुरुस्ती महागात पडते.

काचेविषयी थोडक्यात: पार्टिशनची काच टफन्ड (उष्णतेने कठीण केलेली) असावी आणि तिच्यावर डोळ्यांच्या उंचीला पट्टा असावा, एवढे पुरे. पहिल्या पर्यायातील खरी अडचण काच नसून आवाज आहे. दगडी फरशी, टाइलचा डॅडो, काच आणि सपाट प्लास्टरचे छत एकत्र आले की नागरी सुविधा केंद्रात आवाज घुमतो, टोकन क्रमांक ऐकू येत नाही आणि खिडकीतला कर्मचारी व समोरचा नागरिक दोघेही ओरडून बोलू लागतात. त्यासाठी निदान त्या दालनात ध्वनी शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या छताच्या टाइल्स घ्याव्यात. त्या उचलून वरची गळती तपासता येते आणि डाग पडलेली एकच टाइल बदलता येते. जिप्समच्या सलग छतात हे शक्य होत नाही.

घाई करू नये अशी एक गोष्ट राहिली. गिलाव्यात ओल असताना रंगाचे हात मारले की क्षार बाहेर येतात आणि पापुद्रे सुटतात. उद्घाटनाची तारीख ठरली की हीच चूक हमखास होते. पाणी मारणे थांबल्यानंतर भिंत पूर्ण कोरडी होऊ द्यावी, विशेषतः पावसाळ्यात, आणि त्यानंतरच पुट्टी, प्रायमर व कमी वासाचे धुता येणारे इमल्शन लावावे.

अंतिम मंजुरी शेड कार्डवरून देऊ नये. कागदावरचा चौकोन आणि मोठी भिंत यांत रंग एकसारखा दिसत नाही. भिंतीवर तो बहुधा अधिक ठळक वाटतो. एका मार्गिकेचा लहान भाग पूर्ण करून घ्यावा, त्यात खरी फरशी, खरा डॅडो, रंगाचे दोन हात आणि बसवायचे तेच एलईडी दिवे असावेत. समितीने तो भाग सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी दिव्यांत पाहावा आणि त्यानंतरच सह्या कराव्यात. त्याच वेळी निविदेत अशी तरतूद करावी की, टाइल्स एकाच लॉटमधील असतील, दोन-तीन टक्के जादा टाइल्स भांडारात जमा होतील आणि प्रत्येक रंगाचा शेड क्रमांक देखभालीच्या नोंदवहीत लिहिला जाईल.