मुलांचं जीवन सुधारण्यावरच्या निबंध स्पर्धेत माझ्या मुलीनं काय लिहावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या शाळेतून आठवीतल्या तुमच्या लेकीची निबंध स्पर्धेसाठी निवड झालीय, विषय आहे 'मुलांचे जीवन कसे सुधारता येईल', आणि 'मुलं ही देवाघरची फुलं' या पहिल्या वाक्यापुढे तीन दिवस पेन हलत नाहीये. मी ठाण्यात बरीच वर्षं मराठी शिकवलं, अशा स्पर्धांचे गठ्ठेही तपासले, म्हणून सांगते.

ते वाक्य आधी खोडायला सांगा. बहुतेक निबंध फुलांपासून सुरू होतात आणि 'शासनाने लक्ष घातले पाहिजे' इथे संपतात. मधे एकही मूल भेटत नाही.

मला आजही आठवतो तो सातवीतल्या एका मुलीचा दीड पानी निबंध. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली होती. मग दोघीदोघींनी जायचं, एकीनं बाहेरून दार ओढून धरायचं. मैत्रीण गैरहजर असली की ही सकाळपासून पाणीच प्यायची नाही. डब्यातली लसणाची चटणी तशीच घरी न्यायची, कारण तिखट खाल्लं की तहान लागते. आई विचारायची, चटणी आवडेनाशी झाली का गं? उपाय म्हणून तिनं लिहिलं होतं: नवी कडी, चार स्क्रू, आणि दर महिन्याला दोन मुलींनी सगळ्या कड्या तपासून वहीत नोंद करायची.

शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींची स्वच्छतागृहं वेगळी हवीत, हे आम्हा शिक्षकांना तोंडपाठ होतं. आतून कडी लागते का, हे मात्र आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. मला तिला पहिला नंबर द्यायचा होता. बाकीच्या परीक्षकांना भाषा फार साधी वाटली, म्हणून तिला उत्तेजनार्थ मिळालं. मी तेव्हा आणखी भांडायला हवं होतं, ही रुखरुख अजून जात नाही.

म्हणून लेकीला विचारा, तुझ्या रोजच्या वाटेवर कुठल्या मुलाला कशाचा त्रास होतो? एकच मूल, एकच अडचण. बालमजुरी, कुपोषण, मोबाईलचं वेड, सगळं पाचशे शब्दांत कोंबलं तर कशालाच न्याय मिळत नाही.

जमलं तर तिला तीन हात नाक्याला घेऊन या. सिग्नलवर गजरे, खेळणी विकणारी मुलं शाळेत का जात नाहीत, तर घर सिग्नलवर, पोटही सिग्नलवर. म्हणून २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेनं ठाणे महापालिकेच्या साथीनं तिथल्या उड्डाणपुलाखालीच शाळा सुरू केली, कंटेनरमध्ये वर्ग भरवले. यातली बरीच कुटुंबं दुष्काळामुळे मराठवाड्यातून आलेली. 'गरीब मुलांना शिक्षण द्या' असं म्हणणं सोपं आहे. मूल नेमकं कुठे अडतंय हे बघून शाळाच तिथे न्यायची, हा विचार वेगळा. तिच्या निबंधात मला असाच विचार वाचायला आवडेल, मग तो कडीएवढा लहान का असेना.

आणखी एक. ज्या मुलाबद्दल ती लिहिणार, त्याच्याशी ती बोलली का? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत, जी भारतानं १९९२ मध्ये स्वीकारली, बाराव्या कलमात हेच आहे: मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकून घ्यायचं आणि वय, समज बघून त्याला वजन द्यायचं. हे कलम निबंधात आलं तर चांगलंच, पण त्या मुलाचं स्वतःचं एक वाक्य आलं तर त्याहून चांगलं. खरं नाव मात्र लिहू नये.

तुमच्याकडे एकच मागणं. मुद्दे काढून देऊ नका, शब्द सुचवू नका. कच्चं लिहून झालं की तिला मोठ्यानं वाचायला लावा आणि नुसतं ऐका. जिथे ती अडखळेल ते वाक्य बहुधा गाईडमधलं किंवा मोठ्या माणसाचं असतं. ते काढून तिच्या बोलण्यातलं वाक्य घालायला सांगा, मगच पक्कं करू द्या.