फोटोतली आठवण, आठवण असते का?

प्रश्न : माझा दुसरा वाढदिवस मला लख्ख आठवतो. काकाच्या कडेवर मी, समोर केक, भिंतीवर पताका. घरचे म्हणतात, हे सगळं अल्बममधलं. पण प्रसंग खरा, तपशीलही बरोबर. मग ही आठवण का नाही?

उत्तर : तपशील बरोबर असणं पुरेसं नाही. तो तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने आला हे महत्त्वाचं. न्यायशास्त्राचे पंडित अन्नंभट्ट यांनी ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथात स्मृतीची व्याख्याच ‘संस्कारमात्रजन्यं ज्ञानम्’, म्हणजे फक्त संस्कारातून उपजलेलं ज्ञान, अशी केली आहे. अनुभव मनावर संस्कार, म्हणजे ठसा, सोडून जातो आणि उद्बोधक, म्हणजे आठवण करून देणारं काही, भेटला की तो ठसा जागा होतो.

मार्टिन आणि डॉइचर या तत्त्वज्ञांनी 1966 मध्ये जवळपास हेच मांडलं, पण एक खोच काढून. एकाने अपघात पाहिला, मित्राला सांगितला. पुढे त्याची स्मृती पुसली गेली आणि मित्राने त्याला तोच अपघात ऐकवला. नंतर हे ऐकवणंही तो विसरला, तरी अपघाताचं वर्णन अचूक करतो. कार्यकारणाची साखळी अखंड आहे, पण ती मित्राच्या तोंडून फिरून आली. म्हणून ही आठवण नव्हे. तुमच्या अल्बमचंही तसंच होऊ शकतं. मात्र फोटो नुसता उद्बोधक असेल आणि आतला संस्कार जागा करत असेल, तर ती आठवणच.

तत्त्वज्ञ मिखेलियन (2016) म्हणतात, त्या अनुभवाशी दुवा नसला तरी चालेल. मेंदूची प्रसंग रचण्याची प्रक्रिया विश्वासार्ह असली की झालं. हे आम्हाला पटत नाही.

करून पाहा : अल्बम बंद ठेवून, कुणाला विचारण्याआधी, चौकटीबाहेरचं लिहून काढा: कॅमेऱ्यामागे कोण होतं, केक कापल्यावर काय झालं. मग मोठ्यांना वेगवेगळं गाठून ‘तेव्हा काय काय झालं?’ एवढंच विचारा. ‘आत्या आली होती ना?’ असं विचारलंत की आत्या त्यांच्याही आठवणीत येऊन बसते. लॉफ्टस आणि पिकरेल या मानसशास्त्रज्ञांच्या 1995 च्या प्रयोगात, लहानपणी बाजारात हरवल्याची खोटी गोष्ट 24 पैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांनी पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवून’ सांगितली होती. मनातल्या चित्रात फोटोसारखा स्वतःचा चेहरा दिसतो का, हेही पाहा. पण खऱ्या आठवणीही कधीकधी बाहेरून दिसतात, त्यामुळे हा नुसता इशारा समजा.

बहुतेकांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. चौकटीबाहेरचं काहीच निघालं नाही, तर आमचा कौल अल्बमला.