कुकीच्या खिडकीतला 'कन्सेंट': संमती, सहमती की परवानगी?

प्रश्न असा आहे: ब्रिटिश किंवा युरोपीय संकेतस्थळ उघडले की आधी कुकींची, म्हणजे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींची, खिडकी आडवी येते. तिच्यातल्या 'कन्सेंट'ला मराठीत कुणी सहमती म्हणते, कुणी परवानगी, कुणी संमती. नेमका शब्द कोणता?

संमती. आणि याचे कारण शब्दकोशापेक्षा युरोपच्या कायद्यात जास्त सापडते.

युरोपीय संघाच्या २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात वाचकाला कुकी नाकारण्याचा हक्क होता. संकेतस्थळाने माहिती द्यायची, आणि ज्याला नको त्याने नको म्हणायचे. २००९ च्या दुरुस्तीने हा क्रम उलटा केला: आधी संमती, मग कुकी. जिच्याशिवाय मागितलेली सेवा देताच येत नाही, उदाहरणार्थ खरेदीची टोपली लक्षात ठेवणारी, तेवढ्या कुकीला सूट. 'नकार'च्या जागी 'संमती' आली आणि त्यातूनच ही खिडकी जन्मली. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआरने, म्हणजे संघाच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने, व्याख्या आणखी घट्ट केली. संमती मोकळेपणाने, ठरावीक कारणापुरती, माहिती घेऊन आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी.

आपल्याकडे 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन रुळलेले आहे. जीडीपीआरची प्रस्तावना नेमके त्याच्या विरुद्ध बोलते: गप्प राहणे, आधीच खूण केलेली चौकट, काहीच न करणे, यांतले काहीही संमती नव्हे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ खटल्यात आधीच खूण केलेली चौकट बाद ठरवली. त्यामुळे 'मूकसंमती' हा एरवी चांगला शब्द इथे चालणार नाही. 'पुढे वाचत राहिलात तर आपली संमती आहे असे समजू' हे वाक्यही चालणार नाही.

आता क्रियापदे लावून पाहा. संमती देतात, सहमती होते. सहमतीत दोन बाजूंची मते जुळतात, म्हणून पक्षांत, देशांत सहमती होते. कुकीच्या खिडकीत मते जुळवायची नसतात, एकाने मागायचे आणि दुसऱ्याने द्यायचे किंवा नाकारायचे असते. शिवाय संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे हवे, असा नियम आहे. 'संमती मागे घेतली' हे सहज मराठी वाटते, 'सहमती मागे घेतली' कानाला खटकते. खिडक्यांमधली 'सहमती' बहुधा हिंदी मजकुरावरून आली असावी. मराठीत संमतीला कायद्याचे वजन जुनेच आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे शरीरसंबंधाला संमती देण्याचे वय १० वरून १२ केले, तेव्हा महाराष्ट्रात या शब्दावरून मोठे रण माजले होते.

परवानगी हा शब्द फोनसाठी राखून ठेवावा. कॅमेरा, मायक्रोफोन, ठिकाण यांचे कुलूप फोनची प्रणाली सांभाळते, ते उघडायला परवानगी लागते. फोनवर परवानगी दिली म्हणून ती माहिती कशासाठीही वापरायला कायद्याने संमती दिली, असे होत नाही.

याच खिडकीतली दुसरी अडचण 'लेजिटिमेट इंटरेस्ट'ची, म्हणजे संमती न मागता माहिती वापरण्यासाठी कंपन्या ज्या आधाराकडे बोट दाखवतात त्याची. 'कायदेशीर हित' म्हटले की वाचकाला वाटते, कायद्यानेच ठरवले आहे, आता काय बोलणार! मी 'रास्त हितसंबंध' लिहीन. रास्त आहे की नाही, यावर वाद घालता येतो आणि कायद्याचा भाव तोच आहे. हा आधार संमतीहून वेगळा, म्हणून त्याची बटणे बऱ्याचदा दुसऱ्या पानावर आणि आधीच चालू असतात. ती बंद करणे म्हणजे संमती नाकारणे नव्हे, ती 'हरकत' झाली. 'हरकत घ्या' हे बटण तिथे शोभते. ब्रिटन संघातून बाहेर पडला तरी खिडक्या गेल्या नाहीत, कारण २००३ चे त्याचे स्वतःचे नियम कायम राहिले. तिथल्या २०२५ च्या कायद्यात केवळ वाचकसंख्या मोजणाऱ्या कुकींना संमतीतून सूट आहे, पण माहिती देणे आणि हरकतीची सोपी सोय ठेवणे बंधनकारक आहे. म्हणजे तिथेही 'हरकत'च हवी.

नकार देऊनही खिडकी पुन्हा येते, ही तक्रार नेहमीची. तुमचा नकारही बहुधा एका कुकीतच लिहिलेला असतो. ब्राउझर बंद करताना सगळ्या कुकी पुसल्या किंवा खासगी खिडकीत पान उघडले, की तो नकारही पुसला जातो. 'आपली निवड लक्षात ठेवली आहे' याऐवजी 'आपली निवड या ब्राउझरमध्ये साठवली आहे' असे लिहिले, तर वाचकाला कारण कळेल.

लेखनाचे: सुटा शब्द 'संमती' दीर्घ, समासात ऱ्हस्व: संमतिपत्र, संमतिवय. प्रत्यय लागला तर दीर्घच: संमतीने, संमतीशिवाय.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांतही वाचता यायला हवी, म्हणून बटणाचा मराठी मजकूर आताच ठरवणे बरे. 'संमती देतो' लिहिले तर 'देते'ही लिहावे लागते. 'मी सहमत आहे' लोकप्रिय होण्यामागे लिंगाची ही अडचण असावी. त्यावर सोपा उपाय आहे: एका बटणावर 'संमती आहे', दुसऱ्यावर 'संमती नाही'. दोन्ही सारख्याच आकाराची आणि पहिल्याच पानावर. स्वीकारायला एक टिचकी आणि नाकारायला अनेक, या कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला होता.