डोंगर फोटोत एवढासा का दिसतो?

प्रश्न: ताई, मी ऐरोलीला राहतो, सुट्टी मिळाली की ट्रेकला पळतो. मे महिन्यात माहुलीला गेलो होतो, कसारा लोकलने आसनगाव आणि पुढे रिक्षा. गावातून वर नवरा, नवरी, भटजी असे सुळके बघितले आणि बोलतीच बंद झाली, पण घरी येऊन मोबाईलमध्ये बघतो तर आकाश पांढरंफटक आणि सुळके म्हणजे नुसते दाताएवढे. मित्र म्हणतो मिररलेस कॅमेरा घे. घेऊ का?
- एक वाचक, ऐरोली

उत्तर: आत्ता नका घेऊ. मोबाईलची मेन लेन्स मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशोबात साधारण २४ ते २६ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य पकडणारी असते, ती एवढं सगळं एका चौकटीत कोंबते की सुळका त्यात हरवूनच जातो आणि तुमची नजर मात्र तिथे उभं असताना फक्त सुळकाच बघत होती ना, बाकीचं तिने सोडून दिलं होतं. म्हणून कॅमेऱ्यात दोन एक्स किंवा तीन एक्स (दुप्पट-तिप्पट जवळ आणणारी लेन्स) लावा (त्या लेन्स मोबाईलमध्ये असतील तर, नुसता बोटांनी झूम नको), आणि खाली एखादं घर, झाड, चालणारा माणूस येऊ द्या, त्याशिवाय उंची कळतच नाही.

आकाश पांढरं झालं त्यात आपल्या सह्याद्रीचाही हात आहे. बेसाल्टचा कातळ काळा, कॅमेरा त्याला करडा समजून उजळवतो आणि त्या नादात आकाश उडून जातं. स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा, कातळ काळाच दिसू दे, तो काळाच आहे!

पण खरी गडबड वेळेची आहे असं मला वाटतं. आपण सगळे ट्रेक माथ्याच्या हिशोबाने आखतो, मग चांगल्या जागी पोचतो तेव्हा ऊन डोक्यावर असतं, त्यात मे म्हणजे हवेत धूळ आणि बाष्प. पाऊस सरला की ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी असते, तेव्हा परत माहुलीलाच जा, नवीन किल्ला नको. आदल्या रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम करा, उजाडायच्या आत एक जागा धरून अर्धा तास नुसते बसा. मी ठाण्याजवळच्या येऊरला एकाच वळणावर वर्षभर जात होते, तिथला माझा एकमेव बरा फोटो अशाच एका सकाळी मिळाला, धुकं वर सरकत होतं आणि मी निघायच्या बेतात होते.

त्याआधी पावसाळ्यात पैसे खर्च करायचेच असतील तर मोबाईलवर बसणारा पोलरायझर, म्हणजे लेन्ससमोर धरायची फिल्टरची काच, घ्या. लोकांना वाटतं तो निळ्या आकाशासाठीच, पण ओल्या पानांवरची आणि कातळावरची चमक तो कापतो, मग हिरवा रंग खरा दिसतो, ढगाळ दिवशीसुद्धा. लेन्ससमोर हळूहळू फिरवत बघा, चमक गेली की थांबा. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या मोबाईल बाहेर काढू नका, लेन्सवर वाफ धरते, दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू दे.