ओलांडलेले शब्द

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा देवगड बंदरावर भेटलास तेव्हा होड्या शाकारलेल्या होत्या, पाऊस लागला होता, आणि तू मान खाली घालून म्हणालास, "बाई, ह्या माका जमाचा नाय." मर्चंट नेव्हीच्या मुलाखतीच्या सरावात तू 'बोटस्वेन' म्हणालास आणि वर्ग हसला. आता म्हणे कठीण शब्दांच्या वाटेलाच जायचं नाही, सोप्या इंग्रजीवर भागवायचं. मला ते रात्रभर डाचत राहिलं. समोर असतास तर रागावले असते, म्हणून लिहिते.

तो शब्द तू पुस्तकात किती वेळा पाहिला होतास? दहा वेळा तरी. दहाही वेळा ओलांडून पुढे गेलास. जहाजावरचा कोणीतरी माणूस असावा, एवढ्यावर समाधान मानलंस. माझं सांगणं एकच आहे आणि तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: शब्द ओलांडायचा नाही. अडलास की थांब. उच्चार आणि अर्थ एकाच बैठकीत घे. एक आज घेतला आणि दुसरा उद्यावर टाकला, तर तो राहतोच.

आता थांबूया त्या शब्दापाशी. बी-ओ-ए-टी, पुढे एस-डब्ल्यू-ए-आय-एन, आणि म्हणायचं 'बोसन'. यातला स्वेन जुन्या नॉर्स भाषेतून आलेला: पोरगा, गडी. म्हणजे बोटीवरचा गडी. खलाशांच्या तोंडी शब्द झिजला, स्पेलिंग कागदावर तसंच राहिलं. फोरकॅसलचं 'फोक्सल' तसंच झालं. जुन्या जहाजांवर नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बाजूला लढणाऱ्यांसाठी किल्ल्यासारखा उंच माचा असे, त्यावरून ते नाव. लिहितात गनवेल, म्हणतात 'गनल': होडीच्या काठाची वरची कड, जिच्यावर तोफा टेकत. लीवर्डला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, दर्यावर्दी 'लूअर्ड' म्हणतात. आणि क्यू-यू-ए-वाय म्हणजे 'की', आपला धक्का. त्याच्यावर उभा राहूनच तू मला हे रडगाणं सांगत होतास.

आणि अरे, बोसन कोण? खलाशांचा मुकादम. आगबोटींवरच्या आपल्या खलाशांत त्यालाच सारंग म्हणत, आणि त्याच्या हाताखालचा तो तांडेल. हे दोन्ही शब्द इंग्रजी कोशांत आहेत, 'सेरँग' आणि 'टिंडल' म्हणून. तुझे आजोबा जन्मभर तांडेल. ज्या शब्दाला तू घाबरलास त्याचा सख्खा शेजारी तुझ्या घरात पडवीत बसून जाळी विणतो आहे! मुंगूस तर मराठीतूनच इंग्रजीत गेला आणि 'माँगूस' झाला. तेव्हा ही भाषा परक्यांची, आपली नव्हे, हे तुझं गाऱ्हाणं मी ऐकून घेणार नाही.

आपल्याला लिहिलं तसं वाचायची सवय, हे मला मान्य आहे. पण मराठीतसुद्धा 'हे जग' आणि 'सुखाने जग' यांतला ज वेगळा, लिहिताना सारखाच. तो तुला कोणी शिकवला नाही, तू आईच्या तोंडून ऐकलास. इंग्रजी शब्दाला ती आई मिळवून द्यावी लागते. तेवढाच फरक.

मला ती मिळाली नाही. इंग्रजी या विषयावर पोट भरणाऱ्या मी, तब्बल बावीस वर्षं दहावीच्या मुलांना 'एपिटोम' शिकवलं. अर्थ बरोबर, उच्चार डोळ्यांनी घेतलेला. मग मुंबईला शिकायला गेलेल्या एका मुलीचं पत्र आलं. भाषण करताना तिने तो शब्द वापरला आणि परीक्षकांनी सगळ्यांसमोर तिला अडवलं: 'इपिटमी'. पत्रात तक्रारीचं अक्षर नव्हतं. "बाई, पुढच्या मुलांना सांगा," एवढंच. बावीस वर्षांतली बाकीची मुलं कुठे कुठे अडली असतील, हा हिशेब मी अजून करते.

त्या काळी शाळेतला कोश कपाटात कुलूपबंद असे आणि इंग्रजी कानावर पडायचं ते रेडिओवरच्या रात्री ९ च्या बातम्यांपुरतं, तेही खरखरत. हे खरं आहे. पण डॅनियल जोन्स या इंग्रज उच्चारतज्ज्ञांनी नुसत्या उच्चारांचा कोश १९१७ साली काढला होता. मी शोधला असता तर मिळाला असता. मी ओलांडून गेले. तू जाऊ नकोस.

पत्रानंतर मी बदलले. वर्गात नवा शब्द आला की थांबायचे, सगळ्यांकडून म्हणून घ्यायचे, मगच पुढे. पोर्शन मागे पडतो म्हणून मला बोलणी बसली. बसू देत. धडा राहिला तर घरी वाचता येतो; चुकीचा बसलेला उच्चार मुळासकट काढायला वर्षं लागतात. आज पुन्हा वर्गावर उभी राहिले तरी तसंच करीन.

ब्रिटिश म्हणू की अमेरिकन, हे मला पुन्हा विचारू नकोस. एक धर आणि चाल. त्यापेक्षा आघात बघ, कारण आपण मराठी माणसं तिथेच चुकतो, सगळी अक्षरं सारखी तोलून म्हणतो. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, पण फोटोग्राफरमध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिलं विरघळून 'फटॉग्रफर' होतं. कोशात ज्या अक्षरावर जोर त्याच्या आधी वर एक छोटी उभी रेघ असते. उलटा ई दिसला की तो स्वर जवळजवळ गिळायचा. कोश तुझ्या फोनमध्ये आहे, स्पीकरचं चिन्ह दाबलं की माणूस बोलतो. आमच्या वेळी हे असतं तर! तीस दिवसांत हजार शब्दांचा तो व्हिडिओ बंद कर. दिवसाला तीन शब्द, पण मोठ्याने, वाक्यात घालून, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मासेमारीची बंदी उठेपर्यंत आजोबा घरीच आहेत. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला ते काय म्हणतात, विचार. वहीत 'लूअर्ड'च्या शेजारी त्यांचा शब्द लिही आणि रविवारी घेऊन ये. दुपारी चारनंतर मी घरीच असते.

तुझ्या,
बाई